टांगल्या वजनाखाली

लेक : आता नाव पुकारलं की उठायचं, बाबा. "तुम्ही व्हा पुढे" म्हणायचं नाही. मघापासून ज्याला त्याला आत पाठवताय.

बाबा : त्यांना घाई होती.

लेक : त्या आजी स्वेटर विणत बसल्या होत्या! कसली डोंबलाची घाई?

बाबा : म्हातारं माणूस आहे, चिमणे. थोडी माणुसकी नको का? आणि हळू बोल, सगळे ऐकतायत.

लेक : ऐकू दे. गाल बघा कसा टम्म फुगलाय.

बाबा : कालच्यापेक्षा उतरलाय.

लेक : हात लावून दाखवा बरं.

बाबा : तुझं आपलं काहीतरीच.

लेक : कालचं विसरलात वाटतं?

बाबा : काल काही झालं नाही.

लेक : काही झालं नाही? पुलाचा अख्खा गर्डर हवेत, मी वर क्रेनच्या केबिनमध्ये, डोळे तुमच्या हातांवर. आणि तुम्ही मूठ आवळलीत! मूठ म्हणजे आहे तिथे थांब. मी थांबवला. गर्डर लोंबकळतोय, माणसं माना वर करून उभी, मुकादम बोंबलतोय. म्हटलं, बाबांना असं काय दिसलं जे मला दिसलं नाही?

बाबा : ठणका लागला ग. म्हणून गाल धरला.

लेक : मला वरून गाल कुठला दिसतोय? मला मूठ दिसते.

बाबा : थांबवलास ते बरोबरच केलंस.

लेक : मी बरोबरच केलं. पण मुकादम काय म्हणाला? "दाताचं काय ते करून या, नाहीतर उद्या शेवटच्या गर्डरला इशारे दुसरा माणूस देईल."

बाबा : देईना का. तू काय, कुणाच्याही हातावर उचलशील.

लेक : नाही उचलणार. तसं सांगून आलेय त्याला. शेवटचा गर्डर बसेल तर माझ्या बाबांच्या हातावर बसेल, नाहीतर मी शिडीला पाय लावणार नाही.

बाबा : असं म्हणालीस? त्याच्या तोंडावर?

लेक : त्याच्या तोंडावर.

बाबा : डोकं फिरलंय का तुझं? काम जाईल हातचं!

लेक : म्हणून म्हणते, उठा. आपलंच नाव घेतायत.

डॉक्टर : या काका. या खुर्चीत बसा. तुम्ही यांच्या कन्या का?

लेक : हो. मी थांबले तर चालेल ना?

डॉक्टर : थांबा की. काका, मागे टेका. असे कडेला बसलात तर दात कसा बघू?

बाबा : इथूनच बघा. बघण्यासारखं फारसं काही नाही.

डॉक्टर : आडवं व्हावं लागेल हो.

बाबा : डॉक्टरीणबाई, वर हे काय काय टांगलंय?

डॉक्टर : हा दिवा. हा हत्यारांचा ट्रे. या मशीनच्या नळ्या.

बाबा : कशावर पेललंय? शेवटचं कधी तपासलं?

डॉक्टर : दिवा?

लेक : डॉक्टर, राग मानू नका. आम्ही क्रेनवर काम करतो. मी चालवते, बाबा खालून शिट्टी फुंकून हाताने इशारे देतात. टांगल्या वजनाखाली उभं राहायचं नाही, हे आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात. बाबाच शिकवतात.

बाबा : आणि इथे उभं नाही, चक्क आडवं व्हा म्हणतात. वर तोंड उघडं ठेवून!

डॉक्टर : काका, घाबरलात का?

बाबा : मी? हेलकावे खाणाऱ्या लोखंडासमोर छाती काढून उभा राहतो मी! विचारा हिला.

लेक : खरं आहे, डॉक्टर. मी रोज बघते.

बाबा : पण लोखंड मला दिसतं. इकडून आलं, तिकडे चाललं. इथे तुमचे हात माझ्या नाकाखाली. मला काय कळणार काय येतंय ते?

डॉक्टर : मी सांगत जाईन. आधी सुई, म्हणजे गाल बधिर होईल. दुखलं तर हाताने खूण करा, मी थांबेन. आ करा. मोठा. हं, शाबास.

बाबा : आँ… आँ!

लेक : डॉक्टर! अहो डॉक्टर!

डॉक्टर : काय झालं? काका तर मजेत आहेत. अंगठा दाखवतायत.

लेक : मजेत कसले! आमच्यात अंगठा म्हणजे वर घे! सुई वर घ्या म्हणतायत!

डॉक्टर : अगबाई! घेतली, घेतली. मी मनात म्हणतेय, किती गुणी पेशंट.

बाबा : मी वर घ्या, वर घ्या करतोय आणि ह्या आपल्या आत आत! कुठे शिकलात हो?

लेक : बाबा!

डॉक्टर : बोलू द्या त्यांना. काका, तुमची भाषा मला येत नाही. थांब कसं म्हणायचं, शिकवा.

बाबा : मूठ.

डॉक्टर : मूठ दिसली की माझे हात बाहेर. शब्द देते.

बाबा : तुम्ही माझ्या तोंडात बघणार की हाताकडे?

डॉक्टर : हे मात्र खरं.

लेक : हाताकडे मी बघते. इथे पायांशी उभी राहते. बाबा, दिव्याकडे नाही, माझ्याकडे बघा. डॉक्टर, तुम्ही करताय ते बोलत राहा, मी हाताने दाखवते.

बाबा : तू? तू मला इशारे देणार?

लेक : का? येत नाहीत मला?

बाबा : येतात. पण कोपर ताठ ठेव. तुझं कोपर लटकतं.

लेक : ठेवलं ताठ.

बाबा : आणि घाई करायची नाही.

लेक : मुलगी कुणाची आहे? चला, आ करा.

डॉक्टर : सुई झालीसुद्धा. गाल जड झाला?

बाबा : गाल आहे कुठे?

डॉक्टर : मग झालं काम. आता पक्कड आणतेय.

लेक : हळू खाली येतेय, बाबा. अजून खाली. हं.

डॉक्टर : दात धरला.

लेक : हूक लागला.

डॉक्टर : आता थोडं डावीकडे हलवते. दाब जाणवेल.

लेक : डावीकडे… जरासं… परत मध्ये…

बाबा : आँऽ!

लेक : मूठ! डॉक्टर, मूठ!

डॉक्टर : थांबले. हे बघा, हात बाहेर. दुखलं?

लेक : मान हलवतायत. दुखलं नाही. आवाजाने दचकले.

डॉक्टर : मूळ सुटताना करकरतं, काका. कानाजवळ आहे ना, म्हणून मोठं वाटतं. तुम्ही म्हणाल तेव्हाच पुढे.

लेक : बघितलंत, बाबा? मूठ केलीत आणि लगेच थांबल्या. आता सगळं तुमच्या हातात. सावकाश. मी इथेच आहे… उघडली. डॉक्टर, मूठ उघडली. बोट वर केलंय, फिरवतायत.

डॉक्टर : म्हणजे?

लेक : उचला म्हणतायत! उचला!

डॉक्टर : हा… हा… हा घ्या, आला.

लेक : आला, बाबा! आला!

डॉक्टर : आता हा कापूस घट्ट चावून धरा. उद्या कामावर जा, पण शिट्टी फुंकायची नाही. नुसते हात.

बाबा : डॉक्टर, ही माझी मुलगी.

डॉक्टर : कळलं हो मला. बोलू नका.

बाबा : आमच्या साइटवरची सगळ्यात मोठी क्रेन चालवते. सगळ्यात मोठी.

लेक : बाबा, कापूस पडेल!

बाबा : पडू दे. एवढं सांगू दे मला.

(बाहेर, जिन्यावर.)

लेक : धरा कठड्याला. चक्कर नाही ना येत?

बाबा : छे. चिमणे… भ्यायलो होतो मी.

लेक : माहीत आहे. दिवा कधी तपासला विचारलंत, तेव्हाच कळलं. इतकी वर्षं बघतेय तुम्हाला.

बाबा : साइटवर सांगू नकोस कुणाला.

लेक : सांगणार. मुकादमापासून सगळ्यांना सांगणार. माझा बाप एवढा घाबरला होता, तरी खुर्चीतून उठला नाही, म्हणून सांगणार.

बाबा : …बरं. मग आईला मात्र मी सांगतो.