निखाऱ्यावरचा घास

अर्धा कप पुरे गं मला. वजनाचं ऑपरेशन झाल्यापासून पोट मुठीएवढं उरलंय. तुम्हाला सांगितलं की कळतं, आईला कसं समजवायचं? वडील वजनापायीच गेले, म्हणून तर मी पोट कापून घेतलं.

अखाजीला, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेला, शिरपूरला माहेरी गेले होते. आईनं सकाळपासून खापरावर सुपाएवढ्या पुरणपोळ्या केल्या. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्यांच्या नावानं आधी निखाऱ्यावर घास टाकतात, मग घरचे जेवतात. तिनं वडिलांचा घास टाकला आणि मला अख्खी पोळी वाढली, वर तुपाची धार. मी दोन घास चावून चावून खाल्ले आणि ताट सरकवलं.

"पोट भरनं, माय."

ती ताटाकडे बघतच राहिली. म्हणाली, "इतलंसं तर मी तुना बापले टाकस. जित्ती पोरले इतलंसं कसं वाढू?"

मी तिसरा घास घेतला, आणि मोरीपर्यंत कशीबशी पोचले. ओकून होईपर्यंत आई पाठ चोळत होती.

मग ती जेवायला बसली. दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

"मनंबी भरनं," म्हणाली.