खऱ्या आवाजाचा भोंगा

हॅलो?… मेघाली? उभी असशील तर बस आधी. आज बोईसरमध्ये इतिहास घडलाय. जे यंत्र जगात कधी नव्हतंच, त्या आपल्या लॅपटॉपवर बनवलेल्या खोट्या-जुन्या गेम कन्सोलमधून आज पहिल्यांदा खराखुरा आवाज आला. पीं-पीं नाही, आवाज! आणि तो ऐकून आमची अख्खी इमारत खाली उतरली…

अगं, टाळ्या वाजवायला नाही. जीव वाचवायला.

हो, भोंगाच. गॅसगळतीच्या मॉक ड्रिलच्या दिवशी केमिकल कंपनीच्या गेटपाशी रेकॉर्ड केला होता तो. गेममध्ये गॅस सुटतो ना, तिथे वाजवला… स्पीकर? गणपतीतला.

नाही गं, कोणाला काही झालं नाही. शिस्तीत उतरले. शेगड्या बंद, नाकाला ओला रुमाल, वारा बघून आडव्या दिशेला. चार मिनिटांत! खऱ्या ड्रिलला अकरा लागली होती…

सांगितलं ना! गेम आहे म्हणून तीनदा ओरडलो. पण खाली झुंबरकाका… अगं, तळमजल्यावरचे, नगरचे. कंपनीच्या फायर विभागातून रिटायर झालेले. त्यांनी डोकी मोजली. एक कमी भरलं.

मी. मग वर येऊन मला दंडाला धरून खाली आणलं. लॅपटॉप वरच राहिला.

हो, हो… अगं ऐक ना! सहाला स्पर्धेत गेम पाठवायची मुदत संपते, माहितेय. पावणेसहा झालेत, तेही माहितेय. दोन वर्षांचं काम माझंही आहे, मेघाली! फक्त एक बटण दाबायचंय वर जाऊन. पण काका जिना चढू देत नाहीत. "धोका संपल्याचा भोंगा झाल्याबिगर कुनी वर जायचं न्हाई."

त्यांना कळतंय गं, गेम आहे ते. रविवारी स्वतः खेळून दोनदा मेलेत. पण नियम म्हणजे नियम.

तो भोंगा आपण भरलाच नाही. गेममध्ये आजवर कोणी वाचलंच नाही, मग लागणार कशाला? मूळ रेकॉर्डिंगच्या शेवटी होता तो, ते असेल ना तुझ्याकडे?… पुसलंस?… जागा वाचवायला?… बरं.

तेही करून झालं. फोनवरून आपलं जुनं पीऽऽ लांबवून वाजवलं. कोणाची तरी गाडी रिव्हर्स येतेय म्हणून सगळे बाजूला सरकले. तू काल आवाज बसवून देतानाही म्हणत होतीस ना, जुन्या यंत्राला पीं-पींच शोभते? विचार इथे येऊन.

थांब हं… हो रूपलताई, भात अर्धा कच्चा राहिलाय, कळलं मला… काय काका?… अच्छा… मेघाली, काका म्हणतात, ज्यानं भोंगा दिला त्यानंच संपवायचा. कन्सोलला आवाज कोणी बसवला विचारलं. मी तुझं नाव सांगितलं.

फाइल कुठून देणार तू? बसमध्ये आहेस ना, एडवणच्या? तोंडानेच दे. मी फोन स्पीकरवर टाकतो. एक मिनिट, सलग. वर-खाली करू नकोस, वर-खाली म्हणजे पुन्हा धोका…

बघू देत की बसमधले! ओळखतं का तुला तिथे कोणी?… शेजारीच आत्या बसलीये?… मग आत्यालाही घे. एकीचा श्वास संपला की दुसरीने उचलायचं.

दहा मिनिटं उरलीत गं… हो काका, देतेय, देतेय ती… सगळे रुमाल खाली घेऊन फोनकडे बघतायत, मेघाली. चल, घे श्वास. आणि एवढंच कर…

मध्ये हसू नकोस.