तलवारीखालची किल्ली

नाही, तुम्हीच सांगा, दोष द्यायचा तरी कुणाला? थांबा, गोष्टीसारखी सांगते. आटपाट म्हैसूर होतं, तिथं राहायची गोदावरीबाई, तिची लेक तुंगा, तुंगाचा नवरा मालोजीराव, अन् मालोजीरावांची हिरवी स्कूटर. गोदावरीबाई म्हणजे मीच, दुसरी कुठून आणू?

तर दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आम्हा जुन्या शिपायांच्या घरात आजेसासऱ्यांची तलवार पुजायची, तिला मटणाचा अन् दारूचा नैवेद्य दाखवायचा, मग पुरुषांनी तो प्रसाद घ्यायचा. प्रसाद म्हणजे पळीभर! पण जावईबापूंची पळी... अय्यो, तिला बूडच नाही! गेल्या साली दुपारी चार वाजता पाटावरून उठले, मीच आहे असं समजून भिंतीला नमस्कार केला अन् म्हणाले, "येतो, आत्याबाई. तुंगा, बस मागं, हिनकलला घरी जाऊ." अन् तुंगाला सहावा महिना!

मी म्हटलं, "अहो, डोलताय की!"

"आत्याबाई, आमचे आजोबा पिऊन नंजनगूडाहून घरी यायचे!"

यायचे हो, पण घोड्यावरून! स्वार झिंगला तरी घोडा शुद्धीत असायचा, त्याला घर ठाऊक असायचं. स्कूटरला काय ठाऊक? पण बोलायचं कुणाला? दारू नैवेद्याची. स्कूटरला सकाळी मीच हळदकुंकू लावून चाकाखाली लिंबू ठेवलेलं. अन् जावई तर काय, पाय धुऊन पाटावर बसवलेला. तिघंही पूजेचेच! मग माझ्या पोरीच्या जिवावर उठलंय कोण? दोष द्यायचा कुणाला?

काही सुचेना, तशी किल्ली उचलली अन् सारली तलवारीखाली. "पूजेतलं आयुध दसरा उजाडेपर्यंत हलवायचं नाही!"

शिपायाचा नातू, पण तलवारीला हात लावायची छाती होईना. म्हणे, "मग चालत जातो!" मी कुंकवाची वाटी घेतली अन् त्यांच्या चपलांना पण लावलं. "शिपायाचं पहिलं आयुध पाय, जावईबापू." म्हणे, "मग रिक्षा!" कोपऱ्यावरचा चिदंबर झेंडूत बुडालेल्या रिक्षात लवंडलेला. "इवत्तु पूजे, अज्जी, नाळे बन्नि!" आज पूजा, उद्या या. तो पूजेत होता का प्रसादात, तेही कळेना!

"देवीच नको म्हणतेय," असं पुटपुटत मालोजीराव तलवारीपुढंच आडवे झाले. पाणी पाजलं, कुशीवर वळवलं, उशाशी तांब्या ठेवला. घोरायला लागले तेव्हा कुठं तुंगाच्या घशाखाली घास उतरला.

दसऱ्याला सकाळी उठले, डोकं धरून तुंगाकडं बघत बसले. "आत्याबाई, काल ही मागं बसली असती, तर..."

पौषात तुंगाला सुखरूप लेक झाली. घर भरलं, देवी पावली! मालोजीरावांनी सगळ्या सोयऱ्यांना बजावलं, नवमीला आत्याबाईंकडं जेवायचं तर आधी किल्ली तलवारीखाली. शहाणपणच की ते! म्हणून यंदा तलवारीखाली अकरा किल्ल्या, अन् माझ्या घरात, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, अकरा पुरुष आडवे... कुणाचंही कुणी मेलं नाही, मोडलं नाही, सगळे सुखरूप घोरताहेत.

अन् मी उंबऱ्यावर बसलेय, पाठ टेकायला वीतभर जागा नाही. आता सांगा, दोष द्यायचा कुणाला?