ओंकारचे सोमवार

खरं सांगते, आमच्या ओंकारला देवाची गोडी लागावी म्हणूनच मी सोळा सोमवार धरले होते. पण पोरगा काही देवळाची पायरी चढेना. मला स्कूटीवरून सोडायचा आणि बाहेर मोबाईल बघत बसायचा.

एका सोमवारी भिंगारच्या चौकात पोलिसाने आम्हाला अडवलं.

"वय काय रे तुझं?"

"अठरा पूर्ण, साहेब."

पोलीस माझ्याकडे वळला. "व्हय का, मावशी?"

आता उपवासाच्या दिवशी मी खोटं कसं बोलू? म्हटलं, "नाही हो, आत्ताशी सतरावं लागलंय."

पोलीस पावती फाडू लागला. ओंकार माझ्या कानाशी पुटपुटला, "आई, आज तुझा उपवास नसता तर सुटलो असतो."

दंड भरून हे घरी आले ते किल्ली माझ्या हातात ठेवूनच बोलले. "अठरा होईपर्यंत हा गाडीला हात लावणार न्हाई. देवळात जायचं तर तूच शीक."

मी शिकले, दोन महिन्यांत लायसनही काढलं. पुढच्याच सोमवारी ओंकारला मागे बसवून निघाले. वाटेत मारुतीचं देऊळ लागलं आणि सवयीने माझे दोन्ही हात जोडले गेले.

"आई, हँडल! हँडल धर! नमस्कार मी करतो!"

तेव्हापासून वाटेत दिसेल त्या देवाला तो मागे बसून हात जोडतो, तेही देऊळ यायच्या बरंच आधी. माझं उद्यापन अजून व्हायचंय, पण महादेव आधीच पावला.