हॉलंडचं पाकीट

(जून १९९८. घोडेगावच्या अलीकडची एक वस्ती, रविवारची दुपार. घरामागे लिंबाखाली एलिया आणि पंकज. एलियाची आई फिलोमिनाबाई आत चुलीपाशी.)

एलिया — विम? भांडी घासायची पावडर असती ती?

पंकज — हॉलंडमध्ये माणसाचं नाव असतं. हसू नकोस, चांगला माणूस आहे.

एलिया — कंपनीतनं काढल्यापासनं आज पयल्यांदा हसन्यासारखं कायतरी घावलं. हसू दे की. बरं, मंग त्या पावडरीला तू काय सांगितलंस?

पंकज — सांगतो. आधी हे पाकीट बघ. मागच्या आठवड्यात कंटेनर गेला, त्यातलं. लॅबमध्ये नमुना म्हणून ठेवतो आम्ही.

एलिया — उंच धर, शेळी खाती. ह्याच्या छापल्याल्या प्लास्टिकचे रोल माझ्यासमोर उतरले ट्रकमधनं. म्या सील करायच्या आधीच मला बाहेर काढलं.

पंकज — पण वर काय लिहिलंय ते तुला कळलं नव्हतं. मलाही नाही. डच आहे. नंतर लेबल मंजूर करायच्या कागदांत इंग्रजी भाषांतर आलं. ह्या सहा रंगांच्या पट्ट्या आहेत ना, तो तिकडे आपल्यासारख्यांचा झेंडा आहे. आणि खाली लिहिलंय, ‘ज्याला ज्याच्यावर प्रेम करायचंय, त्याला करू द्या. आम्ही तुमच्या बाजूला आहोत.’

एलिया — कांद्याच्या पाकिटावर?

पंकज — तळलेल्या कांद्याच्या.

एलिया — आपल्या घोडेगावचा कांदा. आनि त्याच रोलांच्या मागं घावलो आपन.

पंकज — तू सापडलास. मी मागच्या दाराने निघून गेलो.

एलिया — तेच ते. लाइट गेल्याली, सहादेव सुपरवायझर बॅटरी घिऊन आला. त्याला माझं तोंड दिसलं आनि एक पांढरा ॲप्रन. लॅबमदी ॲप्रनवाले तिघं. मॅनेजर म्हनाला, दुसरा कोन हुता सांग, तुझं काम ठिवतो. म्या सांगितलं न्हाई, त्यानं काढलं. बाहेर चोरीचं नाव केलं. संपलं. पुढं बोल.

पंकज — विम माल तपासायला आला होता. त्या कंपनीचा माणूस. मी त्याला विचारलं, कांदा विकणाऱ्यांना हे लिहायची गरज काय?

एलिया — काय म्हनाला?

पंकज — म्हणाला, ऑगस्टमध्ये ॲमस्टरडॅमला आपल्यासारख्यांच्या मोठ्या क्रीडास्पर्धा आहेत. जगभरातून माणसं येणार. कंपनीला ती गिऱ्हाइकं हवीत. मालकाला मात्र हे नको होतं. दर रविवारी चर्चला जाणारा माणूस.

एलिया — माझ्या आईवानी.

पंकज — मग त्यांनी एका शहरात साधं पाकीट ठेवलं, दुसऱ्यात रंगीत. किंमत तीच, माल तोच. रंगीत जास्त खपलं. मालकाचं मत बदललं.

एलिया — म्हंजे खपलं नसतं तर आपन वाईटच.

पंकज — तसं मीही म्हणालो त्याला. तो म्हणाला, मालकाचं सोड. विम स्वतः तसाच आहे, एलिया. एका पुरुषाबरोबर राहतो, कित्येक वर्षं. ते वाक्य छापावं म्हणून तोच भांडला होता. फोटो दाखवला मला. दोघं, आणि मध्ये कुत्रा.

एलिया — कुत्रा बी हाय?

पंकज — काळा. मोठा.

एलिया — आपल्याला मानूस खोली देईना, आनि त्यांच्याकडं कुत्रा हाय.

पंकज — म्हणून मला वाटलं, खपासाठी असेल, पण वाक्य खरं आहे. माझं काम काय? पाकिटावर जे लिहिलंय ते आत आहे का, हे बघायचं. ओलावा लिहिलाय तेवढाच आहे का, तेल तेवढंच आहे का. नसलं तर माल थांबवायचा. मी विमला तेच म्हणालो. म्हटलं, तुमचा माल जो पाकिटात सील करायचा, त्याला ह्याच कारणाने काढून टाकलंय. तुमच्या लेबलवरचं आत नाही.

एलिया — इंग्रजीत म्हनालास?

पंकज — हो.

एलिया — शाबास. तुझा बाप नावापुढं एमएस्सी लावल्याबिगर तुझं नाव घेत न्हाई, ते काय उगंच न्हाई. मंग?

पंकज — त्याचे डोळे भरले. माझा हात धरला. म्हणाला, मी बघतो. आणि जेवण झाल्यावर सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला.

एलिया — आनि माझं नाव घेतलं.

पंकज — तुझं. आणि माझं.

एलिया — तुझं कशाला?

पंकज — चांगल्या मनाने घेतलं रे. ‘तुमचा केमिस्ट आणि तो कामगार, दोघांनाही त्रास होऊ नये, आमच्या कंपनीला अशी माणसं प्रिय आहेत,’ असं म्हणाला. त्याला वाटलं, उघड सांगितलं की माणूस सुरक्षित होतो. त्याच्या देशात होत असेल.

एलिया — आरं प्रभू.

पंकज — एलिया…

एलिया — ईस्टरपासनं तोंड शिवून बसलो म्या. फादरनं बाजूला घिऊन इचारलं, गप. आई रडली, गप. कशासाठी? एका मानसाचं तरी नीट ऱ्हावं म्हनून. आनि तू कुत्र्याचा फोटो बघून सगळं सांगून आलास?

पंकज — तुला परत घेतील असं वाटलं.

एलिया — घेतलं का?

पंकज — नाही.

एलिया — मंग मॅनेजर काय म्हनाला तुला?

पंकज — विमसमोर काहीच नाही. कॉफी पाजली, हसला, पुण्यापर्यंत गाडी दिली. पण विमने जाताना लेखी खुलासा मागितला, एलियाला का काढलं म्हणून. काल मॅनेजरने मला बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाला, ‘हा खुलासा तूच लिही, तुझं इंग्रजी चांगलं आहे. लिही की पाकिटं कमी भरत होती, एलिया चोरताना सापडला, आणि विमला तू जे सांगितलंस तो तुझा गैरसमज होता.’

एलिया — आनि न्हाई लिहिलं तर?

पंकज — तर तो नगरला माझ्या वडिलांना भेटायला जाणार. ज्या विहारात माझा सत्कार झाला तिथेच. आणि सहादेवला ह्या वस्तीवर पाठवणार. म्हणाला, ‘कायद्याने तुम्हा दोघांना आत टाकता येतं, पण मी तसला माणूस नाही.’

एलिया — लई मोठं मन हाय. आनि त्यो विम? त्याला खरं ठाव हाय. तो मानंल का चोरी?

पंकज — तो नाही मानणार. मी बूथवरून फोन केला त्याला. म्हणाला, करारात त्यांनी उंदरांचे सापळे तपासायचे आहेत, केसांच्या टोप्या तपासायच्या आहेत, लहान मुलं कामाला नाहीत ना ते बघायचंय. हे नाही. त्याचे वरचे म्हणतात, ते पाकीट तिकडच्या बाजारासाठी आहे, पुरवठादाराच्या घरात आपण बोलायचं नाही. त्यांना फाइल बंद करायला फक्त एक कागद पाहिजे. विम सारखा सॉरी म्हणत होता. शेवटी मीच फोन ठेवला, पैसे पडत होते.

एलिया — दुबईचा माल कसल्या पाकिटात जातो सध्या?

पंकज — हिरव्या. साध्या. तिकडे हे वाक्य चालत नाही.

एलिया — त्याच मशीनवर?

पंकज — त्याच. सकाळी रंगीत चालायचं, जेवणाच्या सुट्टीत रोल बदलला की हिरवं. कांदा एकच. मी रोज बघत होतो, एलिया. रोज दोन्हींवर सही करत होतो.

एलिया — पानी पी. तोंड सुकलंय तुझं.

पंकज — मी ते लिहिणार नाही. ऐक माझं. पुण्याला जाऊ. पिंपरीत माझ्या कॉलेजचा एक जण आहे, लॅबमध्ये चिकटवेल मला. तुलाही मिळेल काहीतरी. भाऊ आहोत म्हणून खोली घेऊ.

एलिया — लिही.

पंकज — काय?

एलिया — चोरी केली म्हनून लिही. चांगल्या इंग्रजीत लिही.

पंकज — तू चोर नाहीस.

एलिया — चोराची सोयरीक जुळती रं. मिरजगावची पोरगी हाय, जेनिफर. तिच्या बापाला ठाव हाय, मला चोरीवरनं काढलं. म्हनाला, तरनेपनी हुतं असं, टेम्पो घिऊन देतो, चालव. चोराला टेम्पो मिळतो, पंकज. आपल्याला काय मिळतं?

पंकज — तू हो म्हणालास?

एलिया — न्हाई. आईला म्हनत हुतो, थांब जरा, कंपनीत परत घ्यायचं बोलनं चाललंय. तूच म्हनला हुतास, हॉलंडचा मानूस यिऊ दे. मी रोज रस्त्याकडं बघायचो. आज तू फाट्यावर उतरलास ते हितनं दिसलं. हातात पिशवी दिसली. म्हटलं, पेढं हायती.

पंकज — आणि ती मुलगी? तिने काय केलंय?

एलिया — काय बी न्हाई केलं तिनं. तिचं बी वाटोळं हुनार, मला म्हायती हाय. ते बोलून मला आनखी खाली घालू नगं. दुसरं काय असलं तर सांग.

पंकज — पुणं सांगितलं की.

एलिया — आनि आपन तिकडं गेल्यावर सहादेव हितं यिऊन बोलला तर? मी ऐकायला नसनार. आई असनार. तिला हितंच ऱ्हायचंय, त्याच बायांच्यात चर्चात बसायचंय, त्याच हापशावर पानी भरायचंय. चोराची आई म्हनून ती जगंल. दुसरं तिला झेपनार न्हाई.

पंकज — तू तिला कधी सांगून बघितलंस?

एलिया — तू बापाला सांगितलंस? गप, आली ती. साहेब, हितं सावलीला बसा.

फिलोमिनाबाई — चहा घ्या साहेब. शेळीच्या दुधाचा हाय, चालंल ना?

पंकज — चालेल, मावशी.

फिलोमिनाबाई — एलिया, बाज तरी टाकायची. एवढ्या लांबनं आले, उभंच ठिवलं. जेवून जायचं बरं का साहेब, भाकरी टाकते.

एलिया — त्यास्नी घाई हाय आई. एसटी धरायचीय.

फिलोमिनाबाई — मंग आत्ताच इचारते. साहेब, माल तपासनारे तुमीच ना?

पंकज — हो, मीच.

फिलोमिनाबाई — मंग तुमाला ठाव असनार. ह्यो मला काय बी सांगत न्हाई. लोकं म्हनत्यात, चोरीवरनं काढलं. साहेब, ह्याचा बाप मिशनच्या दवाखान्यात शिपाई हुता. औषदाची रिकामी बाटली कदी घरी आनली न्हाई. म्या चर्चात सगळ्यांसमोर उभी राहिले, बायबलवर हात ठिवला, म्हटलं माझ्या पोरानं केलं न्हाई. मिरजगावच्या पावन्यांना बी तसंच सांगनार हाय. लगीन जुळूंदे न्हाईतर मोडूंदे. तुमी सांगा. केली का ह्यानं चोरी?

एलिया — आई, साहेबास्नी कशाला…

फिलोमिनाबाई — तू गप. मी त्यास्नी इचारते. न्हाई ना केली साहेब?

पंकज — मावशी, एलिया फार चांगला…

फिलोमिनाबाई — चांगला हायच. मंग काढलं का? ते सांगा. मी जाते कंपनीत. तुमच्या मॅनेजरच्या दारात बसते. खरं काय हाय ते माझ्या तोंडावर सांगितल्याबिगर उठनार न्हाई.

एलिया — साहेब, सांगा तिला.

फिलोमिनाबाई — असा का बघतोय ह्यो तुमच्याकडं?

एलिया — सांगा साहेब. मी म्हनतो ना.

पंकज — केली, मावशी.

फिलोमिनाबाई — काय?

पंकज — चोरी. फार नाही. थोडी पाकिटं.

फिलोमिनाबाई — कुनी सांगितलं तुमाला?

पंकज — मी तपासलं. कमी भरली.

फिलोमिनाबाई — एलिया?

एलिया — व्हय आई.

फिलोमिनाबाई — माझ्याकडं बघून सांग.

एलिया — व्हय. केली.

फिलोमिनाबाई — आनि मी बायबलवर हात ठिवला.

एलिया — तुला कुठं ठाव हुतं?

फिलोमिनाबाई — कांदा कमी हुता का रं आपल्या घरात? पडवीत पोतं हाय. कांदा चोरलास?

पंकज — मावशी, चहा चांगला झालाय.

फिलोमिनाबाई — ते काय हाय लिंबाच्या बुडाशी? रंगीत?

पंकज — पाकीट आहे. मी आणलं होतं.

फिलोमिनाबाई — कंपनीचं?

पंकज — हो.

फिलोमिनाबाई — घिऊन जा ते. बुधवारी मिरजगावची मानसं येनार हायती. त्यातलं एक बी माझ्या घरात दिसाय नगं. हात जोडते साहेब, घिऊन जा.

पंकज — नेतो. हात नका जोडू.

एलिया — पिशवीत पार खाली घाला साहेब. वरनं पेपर टाका. फाट्यावर मानसं बसल्याली असत्यात, आनि त्याचा रंग लांबनं दिसतो.