घरात कोणी नसताना

उल्हासनगरला इलेक्ट्रिकच्या दुकानात मी बिघडलेला मिक्सर घेऊन थांबले होते. पुढचं जोडपं चोरांसाठी लावलेला अलार्म परत करायला आलं होतं.

"सेठ, बदलून द्या. समोर कोणी हललं तरच वाजेल म्हणालात. हा दुपारी घरात कोणी नसताना वाजतो. शेजारीण सांगते."

"बघा साहेब, हात हलवला, वाजला. पीस एकदम ओके आहे. मांजर येते काय?"

"दारं-खिडक्या बंद असतात."

"मग आत कोण असतं?"

"कोणी नाही. फक्त आई. ती अंथरुणाला खिळलीय, कूससुद्धा आम्ही बदलतो."

"तिच्या खोलीत लावला काय?"

"नाही हो, स्वयंपाकघरात."

आता बायकोने विचारलं, "सेठ, वाजायला लागला की आपोआप थांबतो?"

"नाही ताई. भिंतीवरचं बटण दाबेपर्यंत बोंबलत राहतो."

"अहो, आपण घरी येतो तेव्हा तर बंद असतो."

"नीलिमा, मशीनच खराब आहे. सेठ, तुम्ही दुसरं द्या."

"नको सेठ, हेच परत बांधून द्या. चला हो, आईंचं अंग पुसायची वेळ झाली."