मोरीपासून वर दोन किलोमीटर

सिस्टर : हात हलवू नका. कोपरात अजून खडी आहे.

सायकलवाला : राहू द्या ना सिस्टर. आत त्या काकांचं बघा.

सिस्टर : आत बघण्यासारखं काही उरलेलं नाही. टेंपोतून उतरवलं तेव्हाच संपलं होतं. डॉक्टर कागद लिहितायत. हं, सरळ करा हात. झोंबेल.

सायकलवाला : स्स...

सिस्टर : एवढ्या उतारावर जोरात ब्रेक लावायचा नसतो. सायकलवाल्यालाच मी सांगायचं म्हणजे कमाल झाली. किती दिवस झाले घर सोडून?

सायकलवाला : आज एकोणिसावा.

सिस्टर : एकटेच?

सायकलवाला : एकटाच.

सिस्टर : बायको सोडते बरी.

सायकलवाला : सोडत नव्हती. सांगून सांगून दमली.

सिस्टर : टेंपोवाला सगळ्यांना सांगत सुटलाय तुमच्याबद्दल. रस्त्यात आडवे उभे राहिलात म्हणे. तीन गाड्या वळसा घालून गेल्या, मग हा थांबला. मागे दुधाच्या कॅनांमध्ये बसून इथपर्यंत छाती दाबत आलात. शिकला होतात कुठे?

सायकलवाला : ऑफिसात एकदा शिकवलं होतं. रबरी पुतळ्यावर. सिस्टर, माझ्या हाताखाली त्यांची बरगडी मोडली. आवाज आला.

सिस्टर : मोडते. नीट दाबलं की मोडतेच. त्याचं मनावर घेऊ नका. हल्ली थांबतं कोण? तुम्ही थांबलात.

सायकलवाला : मी थांबलो नव्हतो.

सिस्टर : म्हणजे?

सायकलवाला : पहिल्यांदा जाताना नाही थांबलो. ते मोरीच्या कठड्यावर बसले होते. शेजारी विळा, कापलेल्या गवताचा ढीग. मला बघून त्यांनी हात वर केला. मीही केला. म्हटलं, "काय काका, बरं आहे ना?" आणि गेलो पुढे.

सिस्टर : मग तुम्हाला काय स्वप्न पडणार होतं? वाटलं असेल, ओळख दाखवतायत. माणसं दाखवतात.

सायकलवाला : तसं वाटलं असतं तर मी परत का आलो असतो? दुसरा हात त्यांनी छातीशी धरला होता. शर्ट मुठीत पकडलेला. ते मी पाहिलं. अगदी नीट पाहिलं.

सिस्टर : आणि?

सायकलवाला : आणि मनात आलं, आता हे पाणी मागणार. माझ्याकडे अर्धी बाटली होती. वर आठ किलोमीटरचा चढ, वारा सकाळपासून तोंडावर. मांड्यांत गोळे आले होते. असा चढ धरल्यावर एकदा पाय टेकला की पुन्हा सायकल हलत नाही. म्हणून नजर खाली घातली आणि पॅडल मारत राहिलो.

सिस्टर : हळू बोला.

सायकलवाला : दोन किलोमीटर गेलो. वळणावर एक झाड होतं, तिथे शेवटी टेकलाच पाय. बाटली काढली, सगळी प्यायलो. शेवटचा घोट घेताना ती मूठ डोळ्यांसमोर आली. मग वळलो. पडलो ते उतरताना.

सिस्टर : झालं ते झालं. आता एक ऐका. त्यांची मुलगी येतेय. कपड्यांच्या कारखान्यात काम करते, काज-बटणाच्या मशीनवर. आई नाही. भाऊ मालाच्या गाडीवर, सदा बाहेर. घरात दोघंच, बाप आणि लेक. तिला यातलं अवाक्षर सांगायचं नाही.

सायकलवाला : सिस्टर...

सिस्टर : तुमचं मन हलकं होईल. तिचं काय होईल? ते ओझं काढून तिच्या डोक्यावर ठेवायचं, हे बरं सुचतं तुम्हाला. चार शब्द गोड बोला आणि निघा. टेंपोवाल्यानं सायकलही आणलीय, बाहेर उभी आहे.

(बाहेर मोटरसायकल थांबते. जिन्यावर चपलांचा आवाज.)

मुलगी : सिस्टर, बाबा? फोनवर नुसतं ये म्हणाले.

सिस्टर : ये, बाळ. बस आधी.

मुलगी : बसत नाही. सांगा.

सिस्टर : हृदय बंद पडलं. आणलं तेव्हाच श्वास नव्हता. डॉक्टरांनी बघितलं सगळं.

मुलगी : सकाळी डबा मोठा दिलास म्हणून कुरकुरत गेले. ...हे कोण?

सिस्टर : यांनीच आणलं त्यांना. सायकलवरून चालले होते.

मुलगी : खाली टेंपोवाला म्हणाला ते तुम्हीच? दादा, तुमचे उपकार... माझ्या बाबांना रस्त्यावर पडू दिलं नाहीत तुम्ही. एवढ्या गाड्या जातात त्या रस्त्यानं. तुम्ही देवासारखे—

सायकलवाला : नका म्हणू तसं.

सिस्टर : दमलेत ते, बाळ. चल, आत जाऊ आपण.

सायकलवाला : नाही सिस्टर. हिनं हात जोडले मला. ते घेऊन मी नाही जाऊ शकत. ताई, मी त्यांना आधी बघितलं होतं. बरे नव्हते, तेही दिसलं होतं. त्यांनी हात केला. पाणी मागतील म्हणून मी थांबलो नाही. पुढे निघून गेलो. नंतर परत आलो.

मुलगी : किती वेळानं?

सायकलवाला : वर जायला वीस-बावीस मिनिटं लागली. खाली यायला चार-पाच.

मुलगी : पाणी नव्हतं तुमच्याकडे?

सायकलवाला : होतं. अर्धी बाटली.

मुलगी : हात कुठला केला त्यांनी?

सायकलवाला : उजवा.

मुलगी : उजवा नसेल. आठवा नीट.

सायकलवाला : उजवाच. डावा छातीवर होता.

मुलगी : त्यांचा उजवा खांदा दोन वर्षं झाली, वर जात नाही. शर्टाची बाही मी चढवून देते रोज. विळा धरतात तो कमरेच्या खालीच. किती वर केला होता?

सायकलवाला : कानापर्यंत.

मुलगी : कानापर्यंत.

सिस्टर : बाळ, पाणी घे थोडं.

मुलगी : नको मला पाणी. सिस्टर, हे तेव्हाच थांबले असते तर बाबा वाचले असते?

सिस्टर : आता ते कशाला...

मुलगी : तुम्ही रोज बघता. सांगा ना. नाही म्हणा.

सिस्टर : नाही म्हणणार होते. तोंडावर आलंही होतं. पण खरं विचारशील तर सांगता येत नाही. काही जण अर्ध्या तासात पोचतात आणि वाचतात. काही दवाखान्याच्या दारात जातात. तुझ्या बाबांचं काय झालं असतं, ते डॉक्टरही नाही सांगू शकणार.

मुलगी : तुम्ही परत आलात तेव्हा शुद्ध होती त्यांना?

सायकलवाला : कठड्यावरून खाली घसरले होते. डोळे उघडे होते. माझ्याकडे बघून काहीतरी बोलले.

मुलगी : काय बोलले?

सायकलवाला : कळलं नाही.

मुलगी : माझं नाव घेतलं?

सायकलवाला : घेतलं असं सांगावंसं वाटतंय. पण नाही कळलं मला. दोन शब्द होते, जास्त नाही. मी कान खाली नेला तोवर थांबलं.

मुलगी : चढ चढताना थांबलं की पुन्हा जमत नाही, असं ऐकलंय मी. कारखान्यातली माणसं येतात सायकलवर त्या रस्त्यानं.

सायकलवाला : ते कारण नव्हतं. माझी समजूत घालू नका. मी एकटा फिरतो, कारण कुणासाठी थांबावं लागत नाही. घरी तसं म्हणत नाही मी. पण आहे ते असं आहे.

मुलगी : समजूत नाही घालत तुमची. मला रागसुद्धा नीट येत नाहीये अजून. येईल. उद्या, परवा कधीतरी मशीनवर बसले असताना येईल. तेव्हा तुम्ही कुठे असाल कोण जाणे.

सायकलवाला : पत्ता लिहून ठेवतो. फोन नंबरही. काय बोलायचं असेल ते बोला. मी उचलीन.

मुलगी : ठेवा सिस्टरकडे.

सिस्टर : तुझा भाऊ निघाला का?

मुलगी : निघालाय. गाडी तिकडे लांब होती त्याची, माल उतरवून येतोय. सात वाजतील.

सिस्टर : मला प्रसूतीच्या खोलीत जायला हवं, बाळ. हाका मारतायत. आत जाऊन बसतेस का त्यांच्याजवळ? तोंड पुसून ठेवलंय मी.

मुलगी : एकटीला जाववत नाही मला.

सायकलवाला : मी बाहेर पायरीवर बसतो. तुमचा भाऊ येईपर्यंत जात नाही कुठे.

मुलगी : बाहेर बसून काय उपयोग? आत चला माझ्याबरोबर.

सायकलवाला : मी? तुम्हाला चालेल?

मुलगी : चालेल की नाही, मला नाही माहीत. पण शेवटी बाबांना तुम्हीच भेटलात. उठा.

सायकलवाला : पाय आखडलेत. जरा भिंत धरून येतो, वेळ लागेल.

मुलगी : या सावकाश. आता घाई कसली.